खालच्या काकूंना ऐकू येणारं बाळ

४ मार्च

प्रिय भिंगरीस,

तू गेलीस आणि तुझा एक मोजा इथेच राहिला. एकच. दुसरा कुठल्या गावात आहे ते तुझं तुला माहीत. धुऊन ठेवलाय.

आता मुद्द्याचं. हे मी तू इथे असतानाच सांगणार होते, पण दर वेळी तोंड उघडलं की "अजून चहा घेतेस?" एवढंच बाहेर यायचं. तू म्हणालीससुद्धा, "मावशी, मला बुडवून मारणार आहेस का?" तोंडावर सांगायची लाज वाटली ग. कागद निदान माझ्याकडे टक लावून बघत नाही.

मी एक मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय.

बघ, लिहिलं. आणि लिहून उठले ती खिडकी लावून आले, जसं काही बाहेरून कोणी वाचतंय.

या वयात! माझ्या मैत्रिणी गुडघ्याला तेल चोळतात आणि जावयांना नावं ठेवतात. मी मात्र संस्थेचा नंबर चपलेच्या खोक्यात लपवून ठेवला होता. शेवटी एकदा धीर करून फोन लावला. माझा आवाज तुला माहीतच आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, "बाळा, घरात मोठं कोणी असेल तर त्यांना दे." मी म्हणाले, "मीच मोठी आहे." "हो का? किती मोठी?" मी वय सांगितलं. ती खळखळून हसली आणि फोन ठेवला. म्हणून तर मी पत्रं लिहिते.

मग स्वतःच जाऊन आले. तिथे काम विचारलं. म्हटलं, सिनेमात रडते. "नटी आहात?" नाही हो, पडद्यावर दिसतं ते बाळ दुसऱ्याचं असतं, रडणं तेवढं माझं. कॅमेऱ्यापुढे बाळं हवं तेव्हा रडत नाहीत. हसतात, नाहीतर झोपून जातात. मग स्टुडिओत काचेच्या खोलीत उभं राहून मी त्यांच्या तोंडात रडणं घालते. भुकेचं वेगळं, पोटदुखीचं वेगळं, दात येतानाचं वेगळं. त्यासाठी ओला रुमाल दाढेत धरावा लागतो. स्टुडिओत मला सगळे रडूबाई म्हणतात हे मात्र सांगितलं नाही.

सध्या एका मोठ्या सिनेमाची तयारी चाललीय. जुळी बाळं आहेत. त्याचाच घरी सराव करते. तू अंघोळ करून आलीस तेव्हा ऐकलंच असशील.

तर विचारायचं ते हे. बाई एकटी असली की संस्था विचारते, तुम्हाला काही झालं तर मागे कोण? तसं लिहून देणारं एक माणूस लागतं. ताईला विचारणं शक्य नाही. तुझी आई म्हणेल, मांजर पाळ. मला तुझ्याशिवाय कोणी नाही. तू अशी भटकी, म्हणून विचारायला धजत नव्हते. तू माझ्या मागे उभी राहशील का?

नाही म्हणालीस तरी मोजा पाठवीन.

तुझी,
मावशी

१५ मार्च

प्रिय मावशी,

हो! हो हो हो! आधी हे वाच, बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.

आता बाकीचं. मी तळ्याकाठी आहे, होड्या रंगवायचं काम मिळालंय. भाड्याच्या होड्या असतात ना, वल्ही मारायच्या, त्यांना रंग द्यायचा आणि नंबर घालायचे. आमचा मुकादम बोलत नाही, नुसती शीळ घालतो. लांब शीळ म्हणजे चहा, तुटक शीळ म्हणजे 'गाढवा'. मला दिवसभर तुटकच ऐकू येते. कालच मी सहा नंबर दोन होड्यांवर घातला. आता लोक सहा नंबरची तिकिटं घेऊन भांडतात आणि मी वल्ह्यांच्या खोपटात लपून बसते. माझा फोनही त्याच तळ्यात गेला, तो नक्की सात नंबरखाली असणार.

काय सांगत होते? हां. मागे उभी राहीन. फक्त त्यांना हे कळू देऊ नकोस की मला निवडुंगसुद्धा जगवता आला नाही. निवडुंग, मावशी! ज्याला पाणी घालायचं विसरायचंच असतं!

आणि लाज कसली ग? मला वाटलं तू त्या काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टबद्दल सांगणार आहेस. तू चहावर चहा करत होतीस तेव्हा मी मनात म्हणत होते, आता सांगेल, आता सांगेल, काकांशी लग्न करतेय. ज्या माणसाला तू नाक ओढलेलंही हेडफोनमधून कळतं, त्याच्यापासून लपवण्यासारखं बाईपाशी उरतं काय? असो. ही आपली मी आगाऊ.

एक गंमत राहिली. निघताना जिन्यात तुझ्या खालच्या काकूंनी मला गाठलं. हात धरून, आवाज अगदी बारीक करून विचारतात, "वर बाळ कुणाचं ग?" त्यांचा चेहरा असा झाला होता की मला राहवेना. मी म्हटलं, "माझंच! मावशीकडे टाकलंय आणि मी फिरतेय!" त्यांच्या हातातली पिशवीच पडली. कांदे जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत गेले. मी दोन-चार उचलून दिले आणि पळाले, बस होती. तू आता त्यांना खरं काय ते सांग आणि दोघी हसा.

शीळ झाली. तुटक.

तुझी,
भिंगरी (मागे उभी असलेली)

२ एप्रिल

भिंगरी,

दोघी हसलो नाही. मला सांगायला उशीर झाला.

काल संस्थेच्या चौकशीबाई घर बघायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, खांद्याला ही एवढी मोठी गाठोड्यासारखी पर्स, बोलणं कमी. चपला बाहेर काढून आल्या, खिडक्यांचे गज हलवून बघितले, पलंगावर बसून बघितलं, औषधं किती उंचावर ठेवलीत ते बघितलं. फक्त पाणी घेतलं. मला त्या आवडल्या. जाताना म्हणाल्या, "घर चांगलं आहे. शेजारी जरा विचारते, रीतच आहे आमची."

मी दार उघडं ठेवून उभी. मनात म्हटलं, विचारा की. खालच्या काकूंशी माझं कधी वाकडं नाही. त्या झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात, मी गप्प होते, एवढाच आमचा व्यवहार.

बाई वर आल्या त्या आत आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "तुमच्या घरी आधीच एक मूल आहे?"

काकूंनी सांगितलं होतं की वर वर्षभर तान्हं बाळ रडतंय. त्याला कधी खाली आणलेलं दिसत नाही. वर्ष झालं तरी ते मोठंसुद्धा होत नाही, आवाज तेवढाच, तेव्हा त्याला पोटभर देत नसणार. आणि ते भाचीचं आहे, ती टाकून भटकते, हे भाचीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

"मागे कोण म्हणून तुम्ही जिचं नाव दिलंय, ती हीच भाची का?"

भिंगरी, धरणी पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात ना. आमच्या मजल्यावर धरणीही नाही, खाली काकूच आहेत. मी म्हणाले, बाळ नाही, मीच रडते, कामाचा सराव आहे. माझ्या या आवाजात! बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. म्हणाल्या, दोन आठवड्यांनी संस्थेत या. कामाच्या ठिकाणचं कोणीतरी माहितीचं माणूस सोबत आणा.

तू गंमत केलीस. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, लहानपणापासून तशीच आहेस आणि मीच त्याचं कौतुक करत आले. रागावू तरी कशी? पण या वर्षानंतर माझं वय त्यांच्या नियमात बसत नाही. ही एकदाच होणारी गोष्ट आहे.

मावशी

१९ एप्रिल

माननीय चौकशीबाई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

'वि. वि.' म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही, पण सरकारी पत्रात असतं.

मी ती भाची. मला बाळ नाही. मला काहीच नाही, एक पिशवी आहे. मी जिन्यात जे बोलले ते थट्टेत बोलले. ज्यांच्याशी बोलले त्यांना थट्टा कळत नाही, हे मला माहीत होतं. त्यातच तर मजा वाटत होती. आता ती मजा आठवली की अंगावरची चादर डोक्यावरून घ्यावीशी वाटते.

मावशीचं पत्र मला वेळेवर मिळालं नाही. मी एका ट्रकवाल्याबरोबर डोंगरात गेले होते, त्याच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या होत्या, फुलं जिथे असतील तिथे तो पेट्या नेऊन ठेवतो. म्हणजे मधमाश्यासुद्धा भटक्याच, पण संध्याकाळी आपापल्या पेटीत येतात... हे इथे कशाला लिहिलं? खोडलं तर पत्र घाण दिसेल, म्हणून राहू देते.

माझी मावशी खोटं बोलत नाही. ती खरंच बाळासारखी रडते. मी लहान असताना ती माझ्या बाहुलीचं रडणं रडायची, मग मी बाहुलीला थोपटायचे, मग बाहुली हळूहळू गप्प व्हायची. तिनं मला कधी बाहुलीबरोबर एकटीला सोडलं नाही. शिक्षा करायची तर मला करा. मागे कोण या जागी माझं नाव शोभत नसेल तर दुसरं घाला. पण दुसरं कोणी नाहीये हो तिला.

आपली नम्र,
भाची

(पत्ता सध्या नक्की नाही. होडीघर, तळ्याकाठी, असं लिहिलं तर येतं, बहुतेक.)

२१ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण झालेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

रेकॉर्डिस्टला सोबत नेलं. गाडीत मी त्याला एवढंच म्हणाले, "माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोला." बाकी काही नाही सांगितलं. लाज वाटली. आता कळतं की तीच लाज मला महागात पडली.

तुला त्याची सवय माहीत नसेल. काचेपलीकडून माझ्याशी बोलायचं तर त्याला एक बटण दाबून धरावं लागतं, नाहीतर आवाज माझ्याकडे पोचत नाही. इतकी वर्षं तेच करून आता बाहेरही बोलायच्या आधी त्याचा अंगठा कशावर तरी दाबला जातो. त्या दिवशी चौकशीबाईंच्या टेबलाच्या कडेवर दाबला.

बाईंनी विचारलं, "यांना कामाचा व्याप किती आहे?"

बिचाऱ्याला वाटलं, बाईंना काळजी आहे की मुलासाठी वेळ मिळेल की नाही. तोंडभर हसून म्हणाला, "व्याप? छे हो! गेलं वर्षभर एकसुद्धा काम नाही. मोकळ्याच असतात. मुलाला हवा तेवढा वेळ देतील." आणि वर अभिमानानं, "आता बाळाचं रडणं लागलं की मी कॉम्प्युटरमधून काढतो ना. यांचंच आहे, जुनं. यांनी असं रडून ठेवलंय की अजून वीस वर्षं पुरेल!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "मग वर्षभर सराव कसला चालला होता?"

तुलाही मी तेच सांगितलं होतं ना, मोठा सिनेमा, जुळी बाळं. नाहीये सिनेमा. जुळीही नाहीत.

मग मी सांगितलं. त्याच्यासमोर, टेबलाकडे बघत. काम बंद झालं तेव्हा घर फार शांत झालं. एकदा संध्याकाळी भांडी घासताना सहज रडून बघितलं, आवाज राहिलाय का म्हणून. राहिला होता. मग पाणी बंद केलं, हात पुसले, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आले हं, आले." दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. आधी रडायचं, मग आपणच आपल्याला म्हणायचं, आले हं. भिंगरी, शाळकरी पोरगी भातुकली खेळताना पकडली जावी आणि तिचे केस पिकलेले असावेत, तसं झालं मला. रेकॉर्डिस्ट खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

बाई म्हणाल्या, "करून दाखवता?"

वाटलं, थट्टा करतात. नव्हत्या करत. "लिहायचं तर ऐकून लिहिते मी," म्हणाल्या. मग मी तोंडावर पदर धरला आणि भुकेचं रडले. साधं, सुरुवातीला खालचं, मग चढणारं. संपवते न संपवते तोच भिंतीपलीकडून दुसरं रडणं आलं. मग तिसरं. शेजारच्या खोलीत त्यांची तान्ही मुलं झोपवलेली होती, एकानं सुरू केलं की सगळी सुरू. क्षणात अशी बोंब उठली की दोन आया धावत गेल्या, तिसरी आत डोकावून म्हणाली, "बाई, इथे कोण उठलंय?" चौकशीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. सराईत चोराकडे दाखवावं तसं.

आणि दारातून एक मुलगी आत आली. दीड-दोन वर्षांची, एका गुडघ्याला पट्टी. तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि नेमकी माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर थापटत म्हणाली, "उगी. उगी."

तिथे मात्र मी रडले. ते माझ्या स्वतःच्या आवाजात होतं, जाड, कुरूप, नाक गळणारं. असं रडणं स्टुडिओत मी कधी रेकॉर्ड होऊ दिलं नसतं.

परत येताना गाडीत रेकॉर्डिस्टनं सगळा रस्ता अंगठा दाराच्या मुठीवर दाबून धरला होता. उतरताना म्हणाला, "मला सांगितलं असतंत तर मी खोटं बोललो असतो." मी म्हणाले, म्हणूनच नाही सांगितलं. हेही खोटंच होतं.

निकाल कळवतो म्हणाल्या. मी आता घरी रडत नाही. काकूंचा झाडू गप्प आहे.

मावशी

६ मे

स. न. वि. वि.

('सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.' माहीत नाही असं तुम्ही लिहिलं होतंत म्हणून.)

तुमचं पत्र मिळालं. मधमाश्यांसकट फाइलला लावलं आहे.

तुमच्या मावशींबद्दल मला लिहायचं ते मी लिहिलं आहे. घरी एकटीनं बाळासारखं रडू नये असा आमच्याकडे नियम नाही. प्रश्न तुमचा आहे. मागे उभं राहणारं माणूस कुठे उभं आहे ते आम्हाला कळावं लागतं. 'बहुतेक येतं' हा पत्ता होत नाही. पुढच्या वर्षीही तुम्ही सापडाल असा पत्ता द्या आणि प्रत्यक्ष येऊन भेटा. तुमच्याशिवाय हे प्रकरण पुढे जाणार नाही.

येण्याआधी आणखी एका घरी जाऊन यावं, असं मला वाटतं. कोणत्या ते तुम्हाला कळेल.

चौकशीबाई
(तुम्ही मायन्यात हेच लिहिलं होतंत. कार्यालयात आता सगळे हेच म्हणू लागले आहेत.)

१२ जून

प्रिय मावशी,

मी खोली घेतली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खालून दिवसभर ट्यूबमधली हवा सुटते, फुस्स, फुस्स, आणि मला वाटतं कोणीतरी माझ्याबद्दल मत देतंय. खोलीला दार आहे, दाराला नंबर आहे, सहा. मी नाही घातला, आधीपासून होता. मुकादमानं मला कायमचं ठेवून घेतलं. कारण विचारलं तर शीळ घातली, कुठली ते कळलं नाही, मधलीच काहीतरी.

आणि मी तुझ्या गावी येऊन गेले. गेल्या मंगळवारी. हे आधी लिहायला हवं होतं, पण खोलीचं सांगितलं म्हणजे थोडी तरी पत राहील म्हणून ते आधी लिहिलं.

खालच्या काकूंकडे गेले. सोबत कांदे नेले होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "काकू, बाळ नाहीये, मी खोटं बोलले." त्या म्हणाल्या, "मग मी वर्षभर कोणाला ठोकत होते?" सांगितलं. त्या खालीच बसल्या, उंबऱ्यात. मग म्हणाल्या, "मी ठोकलं की ते थांबायचं. मला वाटायचं, चला, कोणीतरी उचललं त्याला." मला वाटलं होतं त्या मला फाडून खातील. त्यांनी कांदे घेतले आणि दार लावून घेतलं. त्यापेक्षा खाल्लं असतं तर बरं.

मग संस्थेत. चौकशीबाईंनी विचारलं, "मूल तुमच्याकडे आलं तर पहिल्या दिवशी काय कराल?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. मावशीला विचारीन." "मावशी नसेल म्हणूनच तर ते तुमच्याकडे येणार ना." मावशी, तोपर्यंत मला हे कळलंच नव्हतं. मी हो हो हो लिहिलं तेव्हा मला वाटत होतं तुला वाढदिवसाचं कार्ड पाठवतेय. त्यांच्यासमोर पहिल्यांदा मी तू नसलेलं घर डोळ्यांपुढे आणलं, आणि मला बोलता येईना. त्यांनी सही करायला कागद पुढे केला. मला वाटलं नापास झाले, आणि हा त्याचाच कागद असणार. सही झाल्यावर म्हणाल्या, "गप्प बसलात म्हणून घेतली."

तिथून तुझ्या दारापर्यंत आले. बेल नाही वाजवली. आतून काहीच आवाज येत नव्हता. ती शांतता मी आणि काकूंनी मिळून केलेली. त्यात बेल वाजवायला हात उचलवेना. मोजा खाली रस्त्यावरून दिसला, खिडकीतल्या दोरीवर. पाठवू नकोस. मी न्यायला येईन.

तुझी,
भिंगरी

२३ ऑगस्ट

माझ्या वेडे,

दाराबाहेर तूच होतीस हे मला माहीत होतं. तू नाक ओढलंस. मीही आत दाराला कान लावून उभी होते, आणि उघडायची मलाही लाजच वाटली. घराण्यातच आहे.

संस्थेचं पत्र आलंय. होकार. मूल ठरलं की कळवतील. आपण निवडायचं नसतं, ते बरोबरही आहे. गुडघ्याला पट्टी होती ती मुलगी एका जोडप्याकडे गेली. मी काही विचारलं नव्हतं, चौकशीबाईंनीच आपणहून सांगितलं आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेल्या.

आता दुसरी बातमी, हिला हसायचं नाही. रेकॉर्डिस्ट घरी आला. चहा घेतला. साखरेच्या डब्याच्या झाकणावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "लग्न कराल का माझ्याशी?" इतकी वर्षं काचेपलीकडून 'अजून एकदा' आणि 'छान' यापलीकडे न बोललेला माणूस! आणि वेळ बघ कशी साधली. आता लग्न केलं तर माझा एकटीचा अर्ज रद्द होतो. दोघांचा नव्यानं करायचा तर आधी काही वर्षं संसार करून दाखवावा लागतो, आणि तोवर माझं वय संपतं.

मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग नको." मी म्हटलं, "नको नाही, आत्ता नको." त्यानं झाकणावरचा अंगठा काढलाच नाही. मग अंगठ्याखालचा डबा कलंडला आणि साखर माझ्या अंगावर सांडली. त्यानंच भरली.

एका हातानं मूल घेतलं आणि दुसऱ्या हातानं त्याला जिन्यात उभं केलं असं वाटतं. त्याच्या चहात साखर घालतानाही मान वर होत नाही.

मावशी

९ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

ती आली, आज तिसरा आठवडा. पाच वर्षांची आहे. मी तान्ह्याच्या तयारीत होते, म्हणजे रडण्याच्या सगळ्या जाती मला पाठ, आणि ही रडतच नाही. पडली तरी नाही, खेळणं मोडलं तरी नाही. उठते, झटकते आणि मी बघितलं का ते बघते. बघितलं असेल तर शरमते. मला वाटत होतं लाजेचं दुकान माझ्याच एकटीचं आहे. हिनं पाचव्या वर्षीच शाखा काढलीय.

मला ती 'ए' म्हणते. 'ए, पाणी.' चालेल.

पहिल्याच दिवशी जिन्यात खालच्या काकू भेटल्या. तिला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "अगबाई, खाऊ घातल्यावर लगेच वाढलं!" मी थिजले. मग कळलं की ती थट्टा होती. त्यांनी माझ्याशी केलेली पहिली. घरी येऊन मी अशी हसले की पोरगी घाबरली.

रेकॉर्डिस्ट रोज संध्याकाळी येतो, जिन्याच्या पायरीवर बसतो, आत बोलावल्याशिवाय येत नाही. पोरीनं विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही," कारण कागदावर तो कोणीच नाही. ती जाऊन त्याला म्हणाली, "ए कोणीनाही, आत ये." आता त्याचं तेच नाव पडलंय. तो हाकेला ओ देतो. मला मात्र दर वेळी बोचतं.

तर आजचं. डोकं धुताना साबण तिच्या डोळ्यात गेला. माझाच हात घसरला. आणि ती रडली.

भिंगरी, इतकी वर्षं मी चुकीचं रडत आले. मी सलग रडायचे, चढवत न्यायचे, टाळ्या मिळतील असं. ही तशी रडत नाही. ही थोडं रडते आणि मधेच थांबते. श्वास धरून. कान देते. कोणी येतंय का ते ऐकते. मग पुन्हा सुरू. ते थांबणं मला कधी सुचलंच नाही. मला कान देऊन ऐकायची गरजच नव्हती ना, येणारी मीच असायचे. मी समोर, माझे हात फेसानं भरलेले, आणि तरीही ती थांबून ऐकत होती. माझ्याआधी किती वेळा थांबली असेल, आणि कोणी आलं नसेल.

"आले हं, आले," मी म्हणाले. इतक्या वेळा घरात एकटीनं म्हटलेलं, पण तोंडात अडखळलं. खोटं खोटं म्हणून झिजवलेला शब्द खरं कसा म्हणायचा, मला कळेना. मी तशीच साबणासकट तिला उचलून घेतलं.

ती खांद्यावर अजूनच जोरात रडायला लागली. दारात कोणीनाही येऊन उभा राहिला होता, अंगठा चौकटीवर दाबलेला.

आणि खालून झाडू. ठक ठक ठक.

मला काय झालं कोण जाणे. तू जिन्यात जे बोलून गेलीस आणि ज्याच्यासाठी मी तुला इतके दिवस मनातून बोलत होते, तेच माझ्या तोंडातून निघालं. बाळाच्या आवाजात नाही. खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा मोठ्या बाईच्या आवाजात.

"माझंच आहे!"

झाडू थांबला. कोणीनाहीनं मान खाली घातली. मला लाज वाटली, एवढं ओरडल्याची.

पोरीनं तोंड वर केलं, डोळे लालभडक, नाकाला फेस. म्हणाली, "ओरडू नकोस ना. मी रडतेय."

आणि पुन्हा सुरू झाली.

मोजा न्यायला ये.

तुझी,
मावशी